छर्रे तोलायला काटा कोणता घ्यावा? (10 मीटर एअर रायफल)

कापूसकोंड्या
राम राम मंडळी. दारव्ह्याच्या पुढं आमचं गाव. पोरगी दहावीत आहे, 10 मीटर एअर रायफल मारते. बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात फीत लावून दहा मीटर आखून दिले तिला. गोळ्या 10.3, 10.5 गुणांच्या पडत राहतात अन् मधातच एखादी 9.6 ला जाते. ती म्हणते छर्रा खराब, मी म्हणतो हात हालला. तिच्या मामेभावानं मोबाइलवर अमेरिकेतले लोक दाखवले, काडतुसात दारू भरताना दाणा-दाणा तोलतात. तेव्हापासून घरात एकच धोशा, बाबा काटा घ्या. बजेट दोन-तीन हजार. सोनारासारखा काटा चालते काय? अन् छर्रे तोलून खरंच फरक पडते काय?

वर्धेचा_पाहुणा
दारू तोलायची गोष्ट आमच्या वर्ध्यात काढू नका भाऊ, बंदी आहे 😄

सोनारआळी
काट्याचं मी सांगतो, धंदाच तो आहे. मॅचचा छर्रा साधारण 0.53 ग्रॅमचा, म्हणजे जुन्या मापानं साडेचार गुंजांच्या आतच. दुकानातला नेहमीचा काटा 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवते. म्हणजे एका छर्‍यामागं दोन टक्क्यांची चूक काटाच करून राहिला, तो छर्‍यातला फरक काय सांगणार? 0.001 वाला पाहिजे. तुमच्या बजेटात खिशात मावणारा मिळून जाते.

पण काटा घेतल्यापेक्षा तो ठेवता कुठं हे मोठं. आपल्याकडं मे महिन्यात कूलर चालू असते, अन् मिलिग्रॅमच्या काट्याला कूलरचा वारा म्हणजे वादळ. आकडा 0.531, 0.534, 0.529 असा नाचत राहते अन् माणूस छर्‍याला शिव्या देते. कूलर-पंखा बंद करा, काटा फरशीवर किंवा दगडी ओट्यावर ठेवा, चालू करून पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या. वरून पारदर्शक बरणी उपडी घाला. सोबत आलेलं वजन बोटानं धरू नका, चिमट्यानं उचला. दर वीस छर्‍यांनंतर तेच वजन परत ठेवून पाहा. आकडा सरकला असेल तर मधले वीस पुन्हा तोला. कंटाळा येते, पण नाही तर तोलण्यात अर्थ नाही.

ह्यूस्टनचा_अकोलेकर
मामेभावाच्या व्हिडिओबद्दल. मी मूळचा अकोल्याचा, इथं टेक्सासात घरी काडतुसं भरतो. ते काम वेगळं आहे. वरती दारूची नळी, मधात फिरणारा ड्रम, हँडल खालीवर केलं की एक माप पडते. माप आकारमानाचं, वजनाचं नाही. गोल बारीक दाण्याची दारू रव्यासारखी सरळ पडते. शेवयांच्या तुकड्यांसारखी लांबट असली की ड्रमच्या कडेवर अडकून कटकन तुटते, मग एक माप कमी, एक जास्त. म्हणून लोक मुद्दाम थोडं कमी पाडतात अन् उरलेलं काट्यावर दाणा-दाणा टाकून पूर्ण करतात. नळी अर्ध्याखाली जाऊ देत नाहीत, हँडलचा झटका दर वेळी सारखा ठेवतात, सुरुवातीची काही मापं परत नळीत ओततात.

यात स्वस्त काटा एक खोड करतो. अगदी हळूहळू दाणे टाकले तर त्याला वाटतं शून्यच सरकतंय, तो ते गिळून टाकतो अन् आकडा हलतच नाही. उपाय साधा, पलडं उचलून परत ठेवायचं. तुम्ही छर्रा एकदम ठेवणार, तुम्हाला ही अडचण नाही.

अन् एक सांगून ठेवतो, कारण कोणी ना कोणी विचारेलच. भारतात हे घरी करू नका. शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. बंदुकीचा परवाना म्हणजे काडतूस भरायचा परवाना नव्हे.

रेंजवाली_ताई
दादा, काटा घ्यायच्या आधी हा हिशेब पाहा. रायफलचा वेग सेकंदाला 172 मीटर धरला तर छर्रा दहा मीटर जायला 0.058 सेकंद घेतो. तेवढ्यात तो साडेसोळा मिलिमीटर खाली येतो. छर्रा एक टक्का जड निघाला, म्हणजे 5 मिलिग्रॅमनं, तर वेग अर्धा टक्का कमी होतो आणि पडणं एक टक्क्यानं वाढतं. किती झालं? 0.16 मिलिमीटर. आपल्या लक्ष्यावर एका दशांश गुणाची रुंदी 0.25 मिलिमीटर आहे. म्हणजे 5 मिलिग्रॅमनं एक दशांशसुद्धा पूर्ण जात नाही. 10.4 ची 9.6 व्हायला आठ दशांश, दोन मिलिमीटर लागतात. चांगल्या डब्यातल्या वजनाच्या फरकानं ते होत नाही.

छर्‍यानं होत असेल तर दोन कारणांनी. एक, मागचा घेर चेपलेला. कुरिअरमधून, एसटीच्या डिकीतून डबा आदळत येतो, शिसं मऊ. काचेचा तुकडा किंचित तिरपा ठेवा आणि छर्रा आडवा सोडा. डोकं आणि मागचा घेर सारखे नसल्यानं तो सरळ न जाता गोलाई घेत वळतो. चांगले सगळे एकाच वळणानं जातात, चेपलेला लंगडत जातो. शंभर छर्रे पाहायला दहा मिनिटं पुरतात, एक पैसा लागत नाही. हात मात्र नंतर साबणानं धुवायचे, शिसं आहे.

दुसरं, डोक्याचं माप. डब्यावर 4.49, 4.50, 4.51 असं मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. तुमच्या रायफलच्या नळीला कोणतं मानवतं ते मारूनच कळतं. रायफल शिकंजात घट्ट पकडून प्रत्येक मापाच्या दहा-दहा गोळ्या एकाच जागी मारा, ज्याचं भोक सगळ्यात लहान ते घ्या आणि त्याच लॉटचे डबे साठवा. स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं तो 50 मीटरचा प्रकार. त्यातही .22 चं काडतूस कोणी घरी भरत नाही, कारखान्याचे लॉट मारून पाहतात आणि जमलेला लॉट घेतात.

आणि दादा, वही ठेवा. 9.6 गेली की तिनं किती सेकंद नेम धरून ठेवला होता ते लिहा. तिला सांगू नका.

झिरोपॉइंट
रायफलच्या हवेच्या सिलिंडरचा दाबही पाहून घ्या. रेग्युलेटर नीट नसला तर दाब उतरत जातो तसा वेग बदलतो, अन् काटा बिचारा काय करणार.

कापूसकोंड्या
दोन आठवडे झाले, सांगायचं राहून गेलं. काटा विकत नाही घेतला, बाजारातल्या सोनाराचा 0.001 वाला एका दुपारी आणला. कूलर बंद करून दोघं घामाघूम बसलो, शंभर छर्रे तोलले. बहुतेक 0.528 ते 0.535 मधे. काचेवर मात्र सात लंगडे निघाले, एकाचा घेर तर नखानं दाबल्यासारखा. ते बाजूला काढले.

तरी 9.6 जातच होती. मग ताईंनी सांगितल्यापरमाणं वही. अकरा वेळा गेली, त्यातल्या नऊ वेळा पोरीनं बारा सेकंदांच्या वर धरून ठेवलं होतं. ती गोळी मारायचीच नव्हती, रायफल खाली घेऊन परत उचलायला पाहिजे होती, तिनं ट्रिगर ओढला. वही दाखवली तर म्हणते कशी, "बाबा, म्हणजे तुम्ही माझ्या मागं उभं राहून आकडे मोजून राहिले होते?" कालपासून बोलत नाही.

शिकंजा गावातल्या वेल्डिंगवाल्याकडं टाकला आहे. रायफलला ओरखडे जाऊ नये म्हणून जबड्याला आतून काय लावू, सायकलची ट्यूब की चामडं?

रेंजवाली_ताई
चामडं. ट्यूब दाबली की परत उसळते. आणि पकड लाकडी भागावर घ्या, नळीवर नको.