तुमच्या ऑफिसने कोविडच्या वेळी काय ठरवलं होतं? (घरून काम की हजेरी, आपापले अनुभव)

परवा कपाट आवरताना ऑफिसचं जुनं पत्र सापडलं, "सदर व्यक्ती अत्यावश्यक सेवेत कार्यरत आहे", खाली सही शिक्का. मी तेव्हा मार्केटिंगची प्रेझेंटेशन्स बनवायचे. आधी हसू आलं, मग जरा वेळाने रागच आला.

११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला पॅन्डेमिक म्हटलं, त्या आठवड्यात आमच्याकडे जी मीटिंग झाली ती सॅनिटायझरच्या बाटल्या कुठेकुठे ठेवायच्या यावर. आणि आमच्याच बिल्डिंगमधे वरच्या मजल्यावर जी कंपनी होती तिने शुक्रवारी लोकांना सांगितलं लॅपटॉप, मॉनिटर, हवी तर खुर्ची पण घरी न्या. आम्ही खिडकीतून बघत होतो, लोक गाडीच्या टपावर खुर्च्या बांधतायत. एकच लिफ्ट, एकच व्हायरस, आणि दोन मजल्यांवर दोन जगं. आमच्या साहेबांचं म्हणणं, "ते घाबरट आहेत". पुढे आम्हीही घरी गेलो, पण उशिरा, आणि घरी गेल्यावरही दर १५ दिवसांनी "दोन दिवस येऊन जा" चालूच, त्यासाठीच ते पत्र.

म्हणून विचारतेय. कागदावरचं धोरण नकोय, ते सगळ्यांचं छानच असतं. तुमच्या डोक्यावर जो माणूस होता त्याने प्रत्यक्षात काय केलं, कोणाला बोलावलं, कोणाला नाही, आणि कशावरून ठरवलं ते लिहा.

*

मी एका सीएच्या ऑफिसात, आम्ही ९ जण. सर म्हणाले फायली घरी नेता येत नाहीत, क्लायंटची कागदपत्रं आहेत, तेव्हा यावं लागेल. बरं, ते काही खोटं नव्हतं. पण टॅली सर्व्हरवर होतं आणि एनीडेस्क (घरून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) सगळ्यांना माहिती होतं. मी एकदा हळूच म्हटलं की रिमोटने होईल सर, तर म्हणाले "आणि तू खरंच बसलीयेस हे मला कसं कळणार?" म्हणजे फायलींचा प्रश्न नव्हताच ना.

मग सरांनाच झाला. १७ दिवस घरी. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन, मला जरा ते रिमोटचं सांग गं कसं करतात. आठवडाभरात स्कॅनर आला, फायलींना नंबर पडले, फोल्डर झाले, सगळं झालं. ते बरे होऊन परत आले आणि दुसऱ्याच सोमवारी आम्हाला सगळ्यांना परत बोलावलं. स्कॅनर अजून आहे, झेरॉक्ससाठी वापरतो.

*

वरचं वाचून आमचं उलटं सांगतो. मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे, मशीन काही घरून चालत नाही, त्यामुळे आमच्यासाठी घरून काम हा विषयच नव्हता. पण म्हणून मालकाने काहीच केलं नाही असं नाही. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधे युरी अलॉन म्हणून शास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या गटाने ४ दिवस काम आणि १० दिवस घरी असं चक्र सुचवलं होतं. कल्पना अशी की लागण झाल्यावर पहिले साधारण ३ दिवस माणूस ती दुसऱ्याला देत नाही, म्हणजे कामाच्या दिवसांत कोणाला झालाच तर तो पसरवायच्या टप्प्यात येईपर्यंत घरी गेलेला असतो. आम्हाला ४-१० परवडलं नसतं म्हणून दोन टीम केल्या, एक आठवडा ए एक आठवडा बी, आणि ए वाल्याने बी वाल्याला भेटायचंच नाही. चार्ज द्यायचा तो वहीत लिहून. जेवायची सुट्टी २०-२० मिनिटांच्या अंतराने. पगार पूर्ण.

आमच्यात कोणाला झालाच नाही असं मुळीच नाही, झाला, पण एका वेळी एकाच टीममधे झाला आणि दुसरी टीम उभी राहिली.

खटकलं ते वेगळंच. पहिल्या मजल्यावरचा ऑफिस स्टाफ दीड वर्ष घरी, आणि दर महिन्याला त्यांचा मेल यायचा "आपण सगळे एकत्र या संकटाला तोंड देत आहोत". अरे कुठले एकत्र! मालक मात्र रोज यायचे, दोन्ही टीमच्या वेळी नाही हां, नियम त्यांनाही, एक आठवडा आड. त्यामुळे त्यांच्याबद्दल कोणी वाकडं बोललं नाही.

*

एचआरमधे होते. बोला आता काय बोलायचं ते.

खरं सांगते, तारीख ठरवणारे आम्ही नव्हतो, तारीख कळवणारे होतो. ऑफिस १ जूनला उघडणार. मग १ सप्टेंबरला. मग जानेवारी. डेल्टा आला, परत पुढे. २०२१ च्या शेवटी सगळी तयारी करून, बसायच्या जागांचे नकाशे काढून मेल पाठवला आणि २६ नोव्हेंबरला ओमिक्रॉन हे नाव आलं. गूगलसारख्यांनीही १० जानेवारी २०२२ ची परतायची तारीख ठरवून मग गुंडाळून ठेवली, तिथे आमची काय कथा. माझ्याकडे त्या मेलचे ११ ड्राफ्ट होते, प्रत्येकात फक्त तारीख आणि "उत्साहाने" हा शब्द इकडेतिकडे.

आणि अपवादांचे अर्ज. घरी ऑक्सिजनवर असलेले वडील, गरोदरपण, दमा, हे फॉर्मवर लिहायला लावायचो आम्ही लोकांना, आणि मग मॅनेजर ठरवणार मंजूर की नाही. डॉक्टर नाही, मॅनेजर! एकाच्या बायकोला सातवा महिना होता, त्याच्या मॅनेजरने लिहिलं "रोल क्रिटिकल". दुसऱ्या टीममधल्या मुलाचं घर लांब आहे एवढ्यावर मंजूर. मी हे वरती दाखवलं तर उत्तर, "मॅनेजरच्या डिस्क्रिशनमधे आपण पडत नाही". तेव्हापासून कोणी म्हटलं ना की आमच्या कंपनीची पॉलिसी चांगली होती, तर मी आधी विचारते की तुझा मॅनेजर कोण होता.

*

आमच्याकडे घरून काम मिळालं, सोबत सॉफ्टवेअर पण मिळालं. दर १० मिनिटांनी स्क्रीनशॉट. शिवाय चॅटवरचा तो हिरवा ठिपका, तो पिवळा झाला की टीमलीडचा मेसेज "ऑल ओके?" बाथरूमला जायची चोरी. मग एकाने शोध लावला की माउस हातातल्या घड्याळावर उपडा ठेवायचा, सेकंदकाटा फिरला की पॉइंटर हलतो. काट्याचं घड्याळ पाहिजे, डिजिटल चालत नाही. आमच्या टीममधे सगळ्यांनी जुनी घड्याळं बाहेर काढली. गंमत म्हणजे या काळात काम जास्तच झालं कारण ऑफिसला जायचे दोन तास वाचले ते पण कामातच गेले, पण साहेबांना आकडा ठिपक्याचा पाहिजे होता.

*

मला जायचं होतं ऑफिसला. हे कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते.

दोन खोल्या, सहा माणसं, मुलीची ऑनलाईन शाळा, दिराचंही घरून काम, सासऱ्यांना टीव्ही मोठा लागतो. मी कॉल घ्यायचे जिन्यात बसून, खालून कोणी आलं की पाय आवरून घ्यायचे. कंपनी तशी भली, टेबलखुर्चीसाठी पैसे दिले. खुर्ची ठेवू कुठे? ते पैसे मी घेतलेच नाहीत, आणि त्याची नोंद कुठेतरी "कर्मचाऱ्यांकडे पुरेशी व्यवस्था आहे" अशी झाली असणार.

मी विचारलं की रुग्ण कमी झालेत तर आठवड्यातून दोन दिवस मी ऑफिसमधे एकटी बसू का, मास्क लावून, कोपऱ्यात. नाही म्हणाले, तुम्ही आलात तर जबाबदारी आमची. आणि मग त्यांनी भाडं वाचवायला ऑफिसची जागाच सोडून दिली. त्या दिवशी टाऊनहॉलमधे, म्हणजे सगळ्या कंपनीच्या ऑनलाईन मीटिंगमधे, सगळे टाळ्यांचे इमोजी टाकत होते, मी म्यूटवर जिन्यात.

*

मी तेव्हा जर्मनीत होतो, तिथे हा निर्णय साहेबाच्या मर्जीवर सोडलेला नव्हता म्हणून लिहितो. २७ जानेवारी २०२१ पासून नियमच आला की कामाचं अगदीच अडत नसेल तर मालकाने घरून काम द्यायलाच हवं. एप्रिलमधे पुढचं पाऊल, मालकाने देऊ केलं तर कर्मचाऱ्यानेही घ्यायला हवं, घरी जागा नाही वगैरे कारण असेल तर सूट. (वरच्या ताईंना जिन्यातून सुटका इथे मिळाली असती.) जूनअखेर हे संपलं, नोव्हेंबरमधे परत आलं आणि मार्च २०२२ पर्यंत राहिलं, शिवाय ऑफिसात जायचं तर लस, आधी होऊन गेल्याचा किंवा टेस्टचा पुरावा दाखवायचा.

कायदा होता म्हणून सगळे साव झाले असं समजू नका, "अडत नसेल तर" या शब्दांत हत्ती जाईल एवढी फट होती आणि आमच्या डिपार्टमेंटचं पोस्टाचं टपाल उघडणं अचानक फार अडायला लागलं. पण फरक असा की विचारताना मी उपकार मागतोय असं वाटायचं नाही.

*

छोटंसं. अमेरिकेच्या सीडीसीची (तिथली रोगनियंत्रणाची सरकारी संस्था) व्याख्या होती, लागण झालेल्या माणसाच्या ६ फुटांच्या आत २४ तासांत मिळून १५ मिनिटं असलात तर तुम्ही क्लोज कॉन्टॅक्ट. आमच्या ऑपरेशन्स हेडने यातून काय काढलं, तर मीटिंगा १४ मिनिटांच्या. दिवसातून चार. "मिळून" हा शब्द त्यांनी वाचलाच नव्हता.

*

फॅसिलिटीजवाला बोलतोय. पहिले सहा महिने आम्ही फक्त पुसत होतो. दाराचे हँडल, लिफ्टची बटणं, पेनं. टेबलांमधे प्लास्टिकचे पडदे लावले आणि एसी मात्र तीच हवा आतल्या आत फिरवतोय, खिडक्या सील. बाहेरची हवा वाढवा म्हणून मी सांगितलं तर वीजबिल वाढेल हे उत्तर. पुढे हवेतून पसरतो हे सगळ्यांनी मान्य केलं तेव्हा कार्बन डायऑक्साइडचे मीटर आणले, हवा किती कोंडलीये त्याचा अंदाज येतो त्याने. बाहेर मोकळ्यात ४०० च्या आसपास दाखवतो, आमच्या कॉन्फरन्स रूममधे आठ माणसं तासभर बसवली तर २००० च्या पुढे. आकडा दाखवल्यावर डायरेक्टरसाहेब स्वतः मीटिंगा गच्चीत घ्यायला लागले, बाकीच्यांच्या मात्र खालीच.

*

मला "कायमचं घरून" मिळालं होतं, लेखी. त्या भरवशावर शहर सोडून आईवडिलांकडे आलो, मुलाची शाळा बदलली. २०२२ मधे नवीन मेल, आठवड्यात ३ दिवस यायचं. मी जुना मेल दाखवला तर म्हणाले त्यात खाली "पुढील सूचनेपर्यंत" आहे. होतं की, शेवटून दुसऱ्या ओळीत, मीच नीट वाचलं नव्हतं.

आता वाटतं मोठमोठे पण असेच वळले. ट्विटरने मे २०२० मधे हवं तर कायम घरून करा म्हटलं होतं, मालक बदलल्यावर नोव्हेंबर २०२२ मधे ते बंद. टीसीएसने २०२५ पर्यंत २५ टक्केच लोक ऑफिसात लागतील म्हटलं आणि २०२३ मधे पाच दिवस बोलावलं. गोल्डमन सॅक्स या अमेरिकन बँकेचे प्रमुख डेव्हिड सॉलोमन तर फेब्रुवारी २०२१ मधेच घरून कामाला अपवाद, विचलन असं काहीसं म्हणाले होते, तेव्हा त्यांना शिव्या पडल्या, पण निदान त्यांच्या माणसांना कळलं तरी की शाळा बदलू नये. झूमने ऑगस्ट २०२३ मधे जवळपास राहणाऱ्या स्वतःच्या लोकांना आठवड्यात दोन दिवस या म्हटलं ते वाचून मात्र मी मोठ्याने हसलो. झूमने!

*

कुरियरने लॅपटॉप आला, १४ महिने काम केलं, राजीनामा दिला, कुरियरने लॅपटॉप गेला. कोणाचीच उंची माहीत नाही.

*

मी मॅनेजर होतो. वर सगळ्यांनी जे मॅनेजर लिहिलेत त्यातला एक समजा.

२०२१ च्या सुरुवातीला मी टीमला आठवड्यातून एक दिवस बोलवायला लागलो. कारण दिलं कोलॅबरेशन. खरं कारण असं की घरी बसून मला कळेना मी दिवसभर नक्की काय करतो. ऑफिसात असताना लोक येऊन विचारायचे, मी सांगायचो, संध्याकाळी वाटायचं काम झालं. घरून त्यांनी आपापसात विचारलं, काम बरोबर होत होतं, माझ्याकडे यायची गरजच पडत नव्हती. १२ जणांना मी यासाठी बसट्रेनने आणलं. त्यातल्या एकीला झाला, कुठून झाला ते सांगता येणार नाही, ती बरी झाली, मला कधी काही बोलली नाही. तिने नंतर टीम बदलून मागितली, कारण लिहिलं "करिअर ग्रोथ".

*

मी ऑफिस असिस्टंट. सगळे घरी गेले तेव्हा मी, आयटीचा एक मुलगा आणि सिक्युरिटीचे दोघं एवढेच येत होतो. कारण तुमच्यापैकी ज्यांना लॅपटॉप नव्हता ते घरच्या मशीनवरून ऑफिसच्या पीसीत शिरायचे, आणि तो पीसी हँग झाला की बटण दाबायला माणूस लागतो. फोन यायचा, "दादा, तिसरी रांग, खिडकीकडून चौथा, जरा रिस्टार्ट करा ना". नावं मला माहीत नव्हती तेवढी, जागा पाठ झाल्या. रात्री पण यायचे फोन. कोणी झाडाला पाणी घाला म्हणायचं, एका मॅडमनी ड्रॉवरमधला डबा टाकून द्यायला सांगितला, तो तीन महिन्यांचा होता, उघडला नाही मी.

मला कोणी विचारलं नाही येणार का. सुपरवायझरने ड्युटी लिस्ट लावली त्यात नाव होतं. येण्याजाण्याचे जादा पैसे चार महिने मिळाले, मग बंद झाले, यायचं चालूच. लोक परत आले तेव्हा केक कापला, त्यावर वेलकम बॅक लिहिलेलं. तिसऱ्या रांगेतल्या चौथ्या खुर्चीवर कोण येतं ते बघायला मी मुद्दाम गेलो होतो, तर तिथे नवीनच मुलगा बसलेला, जुन्याने नोकरी सोडली म्हणे.