‘अनुग्रह’, ‘नेम’ आणि ‘आध्यात्मिक मार्गदर्शक’

प्रश्न (सातारा) : ख्रिस्ती परंपरेतील ‘स्पिरिच्युअल डायरेक्टर’विषयी मी मराठीत लेख लिहीत आहे. अशा व्यक्तीला ‘गुरू’ म्हणावे की ‘आध्यात्मिक मार्गदर्शक’? तिच्या रोजच्या साधनेसाठी ‘ध्यानधारणा’ याहून नेमका शब्द आहे का?

उत्तर (सांगली) : ‘गुरू’ लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लोयोलाच्या इग्नेशियसने (येशूसंघ स्थापणारा ख्रिस्ती संत) सुमारे 30 दिवसांची जी साधना आखली आणि जी 1548 मध्ये छापली गेली, तिच्यात मार्गदर्शकाला बजावलेले आहे की, साधकाचे मन त्याने कोणत्याही एका निर्णयाकडे झुकवू नये. तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहावे आणि ईश्वर व साधक यांचा संबंध थेट होऊ द्यावा. येथे ऐकून घेणे हेच मुख्य काम आहे. तेव्हा ‘मार्गदर्शक’ हा शब्द योग्य आहे.

आपल्याकडील ‘गुरू’ मात्र काहीतरी देतो. गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज (1845–1913) गुरूच्या शोधात लहानपणीच घराबाहेर पडले, येहळेगावच्या तुकामाईंकडून त्यांना अनुग्रह मिळाला आणि पुढे प्रपंच सांभाळून त्यांनी असंख्य लोकांना रामनामाचा तेरा अक्षरी मंत्र दिला. माण तालुक्यात ‘महाराजांचा अनुग्रह आहे’ असे म्हटले की त्यात मंत्र, तो घेणाऱ्याची जबाबदारी आणि देणाऱ्याने पत्करलेला भार हे सगळे आलेच. अशा सत्पुरुषाला ‘आध्यात्मिक मार्गदर्शक’ म्हणणे फार अपुरे वाटते. ‘गुरू’ हा शब्द सैलपणे वापरला जातो, ही तक्रारही नवी नाही. दासबोधाच्या पाचव्या दशकात समर्थांनी कुळगुरू, विद्यागुरू, मंत्रगुरू असे कितीतरी गुरू मोजून दाखवले आणि मोक्षाची वाट दाखवणारा सद्गुरू त्या सर्वांहून वेगळा काढला.

साधनेच्या शब्दाविषयी जत तालुक्याकडे पाहावे. उमदीच्या भाऊसाहेब महाराजांच्या परंपरेत नामस्मरणासह ध्यानाला बसण्याला ‘नेम’ म्हणतात. ‘नेमाला बसले आहेत’ असे घरातील माणसाने सांगितले की आलेला पाहुणा ओसरीवर थांबतो. गुरुदेव रानडे यांनी 1901 मध्ये जमखंडीला भाऊसाहेब महाराजांकडून नाम घेतले. पुढे अलाहाबादला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असतानाही त्यांचा नेम चालूच होता आणि निंबाळच्या आश्रमात त्यांच्या दिवसाची मांडणी त्याच्याभोवतीच असे. ‘ध्यानधारणा’ म्हणजे केवळ कृती; ‘नेम’ म्हटले की ठरलेली वेळ, ठरलेली बैठक आणि खंड पडू न देण्याचा निश्चय हेही आले. ‘नियम’ या शब्दाचेच हे रूप असल्याने तो अर्थ त्यात मुळापासून आहे. ख्रिस्ती संन्याशांच्या ठरावीक वेळांच्या प्रार्थनेविषयी लिहिताना ‘प्रार्थनेचा नेम’ हा प्रयोग निःशंकपणे करावा.

प्रश्न (सातारा) : मग ‘नाम घेणे’ आणि ‘अनुग्रह घेणे’ हे एकच समजावे का?

उत्तर (सांगली) : व्यवहारात बहुतेक एकच, उमदीच्या परंपरेत पहिला प्रयोग रुळलेला आहे, गोंदवल्याकडे दुसरा. ‘नाम घेणे’ याचा रोजचा अर्थ नुसते स्मरण करणे असाही होतो, म्हणून लेखात ‘अमुक महाराजांकडून नाम घेतले’ असे ‘कडून’ लावून लिहावे. लेखनाविषयी एक सूचना करतो. संस्कृतप्रमाणे शुद्ध रूप ‘अनुगृहीत’ आहे. परंतु मराठीत ते ‘उपकृत’ या अर्थी स्थिरावले असून, अनुग्रह घेतलेल्या शिष्याला लोक ‘अनुग्रहित’च म्हणतात. हा अर्थभेद उपयोगी असल्याने शिष्यासाठी ‘अनुग्रहित’ हेच रूप ठेवावे, शुद्धीच्या आग्रहाने ते बदलू नये.