सभागृहात ४६ मीटरवरच्या प्रोजेक्टरसाठी कोणती केबल टाकावी?

प्रश्न: सभागृह समिती, फोंडा

नमस्कार. आमच्या देवस्थानाच्या सभागृहात मंचाजवळच्या टेबलापासून छताला टांगलेल्या प्रोजेक्टरपर्यंत भिंत आणि छत धरून ४६ मीटर मार्ग आहे. गेल्या वर्षी आम्ही एचडीएमआय केबलचे तीन तुकडे मध्ये जोड देऊन टाकले होते. दिवसा चित्र नीट दिसते, पण नाटकाच्या वेळी रंगमंचाचे दिवे मंद-तेज होऊ लागले की पडद्यावर ठिपके उडतात आणि कधी चित्र काही सेकंद नाहीसेच होते. प्रोजेक्टर १९२० गुणिले १२०० बिंदूंचा आहे. वक्ते आपापले लॅपटॉप आणतात, आणि कीर्तनाच्या वेळी एक कॅमेराही जोडावा लागतो. चवथीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी हे काम एकदाच आणि नीट व्हावे, अशी इच्छा आहे.

उत्तर: ध्वनि-प्रकाश, मडगाव

१०८०पी, म्हणजे १९२० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र सेकंदाला ६० फ्रेम्सने पाठवताना एचडीएमआयच्या तारांतून सेकंदाला सुमारे साडेचार अब्ज बिट जातात. तांब्याच्या साध्या केबलमध्ये हा संकेत लांबीबरोबर झपाट्याने क्षीण होतो. पंधरा मीटरच्या पुढे सारा भार केबलच्या दर्जावर येतो आणि प्रत्येक जोड आणखी थोडी हानी करतो. म्हणजे दिवे मंद-तेज करणाऱ्या डिमरने तुमचे चित्र बिघडवले नसून आधीच काठावर उभ्या असलेल्या संकेताला त्याने ढकलले, असे मला वाटते.

मी एचडीबेसटीची, म्हणजे एचडीएमआयचा संकेत नेटवर्क केबलवरून दूर नेणाऱ्या दोन डब्यांची जोडी सुचवेन. टेबलाशी प्रेषक (ट्रान्समीटर), प्रोजेक्टरशी ग्राही (रिसीव्हर) आणि मध्ये कॅट ६ए जातीची एकच अखंड नेटवर्क केबल, अशी ती रचना असते. चांगल्या संचात १०८०पी १०० मीटरपर्यंत जाते. स्वस्त संचाची मर्यादा ७० मीटर असते आणि ४के साठी ती ३५ ते ४० मीटरवर येते, म्हणून पुढे ४के प्रोजेक्टर घेण्याचा विचार असेल तर संच तसाच निवडावा. केबल मात्र शुद्ध तांब्याची, एकसंध तारेची आणि शील्ड असलेली घ्यावी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल आपल्या बाजारात सर्रास मिळते आणि दिसायला तशीच असते. तिच्यावर हा संच भरवशाने चालत नाही. ही जोडी नेटवर्क स्विचमधून नेता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

उत्तर: व्हिडिओ चित्रण, पणजी

मी वरच्या मताशी पूर्ण सहमत नाही. कॅमेरा नेहमी लागणार असेल तर थ्री-जी एसडीआय, म्हणजे व्यावसायिक कॅमेऱ्यांची चित्र पाठवण्याची पद्धत विचारात घ्यावी. ७५ ओहमची एकच कोअॅक्स केबल आणि फिरवून घट्ट बसणारा बीएनसी कनेक्टर एवढ्यावर ते चालते. चांगल्या आरजी-६ केबलवर १०८०पी सुमारे १०० मीटर जाते. डिश टीव्हीची आरजी-६ मात्र घेऊ नये, कारण तिची मधली तार बहुधा पोलादाची असून वर फक्त तांब्याचा मुलामा असतो.

लॅपटॉपसाठी दोन गोष्टी आड येतात. एसडीआयमधून एचडीसीपी असलेला, म्हणजे नकल-संरक्षित मजकूर जात नाही. शिवाय एचडीएमआयचे एसडीआय करणारा साधा परिवर्तक चित्राचा आकार बदलत नाही, त्यामुळे प्रोजेक्टरशी जुळवून १९२० गुणिले १२०० वर गेलेल्या लॅपटॉपचे चित्र तो घेतच नाही आणि वक्ता सगळ्यांसमोर ताटकळतो. त्यासाठी स्केलर, म्हणजे चित्राचा आकार बदलण्याची सोय असलेला परिवर्तक लागतो आणि तेथे खर्च वाढतो.

प्रश्नकर्ता, फोंडा

आभारी आहे. एचडीएमआयच्याच ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने संकेत नेणाऱ्या केबलविषयी आपले मत काय? दुकानदाराने तीच सुचवली आहे.

उत्तर: वायरिंग काम, म्हापसा

ऑप्टिकल केबल चांगली आहे. ४६ मीटर तिला जड नाही. तिला दिशा असते, म्हणून लॅपटॉपचे टोक लॅपटॉपकडेच हवे, हे केबल छतात ओढण्याआधी दोनदा तपासावे. खरी अडचण डोक्याची, म्हणजे टोकाला कायमच्या बसवलेल्या कनेक्टरची आहे. हे डोके बारीक पाइपमधून जात नाही आणि आतील यंत्रणा बिघडली तर सारी केबल बदलावी लागते. कॅट ६ए किंवा कोअॅक्सचे बिघडलेले टोक मात्र जागेवरच नवे बसवता येते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर छतात दमट हवा असते आणि कनेक्टरना हिरवट थर चढतो, त्यामुळे माझ्या दृष्टीने ही सोय मोठी आहे.

कोणतीही केबल घेतली तरी ती स्वतंत्र पीव्हीसी पाइपमधून न्यावी, आत नायलॉनची दोरी कायम ठेवावी आणि पाइपची तोंडे उंदरांपासून बंद करावीत. डिमरच्या तारांना समांतर जाणे टाळावे आणि ओलांडायच्या असतील तर काटकोनात ओलांडाव्यात. एका कॅट ६ए ऐवजी दोन ओढाव्यात, कारण मजुरी एकदाच लागते. जमले तर जवळून एक कोअॅक्सही टाकावी.

प्रश्नकर्ता, फोंडा

समितीने दोन कॅट ६ए आणि एक कोअॅक्स ओढायचे, आणि सुरुवातीला एचडीबेसटीची जोडी लावायची असे ठरवले आहे. पाइप बंद करण्यापूर्वी केबल जमिनीवर पसरून, सर्व दिवे डिमरवर वरखाली करत चार लॅपटॉपवर आणि कॅमेऱ्यावर तासभर चाचणी घेऊ. निकाल येथेच कळवतो. देव बरें करूं.