७०० सीसीची भिंत: १९८३ च्या आयातकराने हार्ले वाचली का?

व्हीट्विन४५
एप्रिल १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी अमेरिकेत येणाऱ्या ७०० सीसीवरच्या मोटारसायकलींवर जादा कर बसवला. मूळ कर ४.४ टक्के, त्यावर पहिल्या वर्षी ४५, पुढे ३५, २०, १५, १० अशी उतरती भर. माझ्या मते संरक्षण द्यायचं तर असंच द्यावं, मुदत आधी सांगून. अमेरिकेची मोटारसायकल कंपनी हार्ले-डेव्हिडसन १९८१ मध्येच एएमएफ या मालक कंपनीच्या ताब्यातून सुटली होती. डोक्यावर कर्ज, आणि समोर होंडा-यामाहाच्या भांडणातून बाजारात ओतलेला माल. करामुळे उसंत मिळाली, हार्लेचं नवं इव्होल्यूशन इंजिन आलं, आणि मार्च १९८७ मध्ये कंपनीनेच 'कर आता काढा' म्हणून विनंती केली. असं कुठला संरक्षित उद्योग करतो?

जकातनाका
आकडे बरोबर, निष्कर्ष चूक. भिंतीला दारं होती की! पहिल्या वर्षी जपानच्या ६,०००, पश्चिम जर्मनीच्या ५,००० आणि इतर देशांच्या मिळून ४,००० गाड्या जुन्याच दराने आत येणार होत्या. हार्लेच्या टूरिंग (लांब पल्ल्याच्या) गाडीशी खरी टक्कर होंडाच्या गोल्डविंगची, आणि ती १९८० पासून ओहायोत मेरिसव्हिललाच बनत होती. कावासाकीचा कारखाना नेब्रास्कात. तिथून निघालेल्या गाडीवर आयातकर कसला?

शिवाय कर लागतो तो माल कस्टममधून सुटताना. आधीच सुटून डीलरकडे पडलेल्या १९८१-८२ च्या गाड्यांना तो लागूच नव्हता. गंमत म्हणजे आयातीची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या ट्रेड कमिशनने २ विरुद्ध १ मतांनी देशी उद्योगाला हानीचा 'धोका' मान्य केला, त्यात या पडून असलेल्या साठ्याचाच मोठा हात होता.

बोअर_स्ट्रोक
दारं सोडा, भिंतीखालून कसे गेले ते बघा. अमेरिकेबाहेर सीबीएक्स ७५० मध्ये लागणारं होंडाचं इंजिन: बोअर (सिलिंडरचा व्यास) ६७ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ५३. अमेरिकेत विकायच्या नाइटहॉक एस गाडीसाठी बोअर तेच, स्ट्रोक ४९.४. ७४७ चं ६९६ झालं! स्ट्रोक ३.६ मिमी घटला की पिस्टन वर जाताना १.८ मिमी अलीकडेच थांबतो. म्हणजे नवा क्रँक तर हवाच, शिवाय रॉड, पिस्टन किंवा सिलिंडरची उंची यांपैकी काहीतरी जुळवावं लागतं, नाहीतर कॉम्प्रेशन पडतं. एवढं केलं की कर ४.४ टक्के. यामाहाने विरागो गाडीत हाच डाव उलटा टाकला: स्ट्रोक ६९.२ कायम, बोअर ८३ चा ८०.२. झाली ६९९ सीसी.

व्हीट्विन४५
७५० चं ७०० होतं, ११०० चं कसं करणार? जपानहून येणाऱ्या हजार-अकराशेवाल्या गाड्यांना जुन्या दराचा कोटा संपल्यावर जादा कर भरावाच लागला. हार्लेची स्पोर्टस्टर तेव्हा हजार सीसीची होती, म्हणजे नेमकी तिथेच हार्लेला बाजारात फट मिळाली.

जकातनाका
फट मान्य, पण गाडी सुधारली ती करामुळे नाही. हार्लेच्या जुन्या शॉव्हलहेड इंजिनाला सिलिंडर बिडाचे आणि हेड अॅल्युमिनियमचं. तापल्यावर दोन्ही सारखं फुगत नाहीत, ताण येतो मधल्या गॅस्केटवर. इव्होल्यूशनमध्ये सिलिंडरही अॅल्युमिनियमचा, आत बिडाचा लायनर, आणि क्रँककेसपासून हेडपर्यंत आरपार जाणारे लांब स्टड. हे डिझाइन सुरू झालं एएमएफच्या काळात, कराच्या कितीतरी आधी. सुटे भाग लागतील तेव्हाच लाइनवर आणायची जपानी शिस्तही कर यायच्या आधीच कारखान्यात शिरली होती.

१९८५ च्या अखेरीस कर्ज देणाऱ्या सिटीकॉर्प बँकेने हात आखडता घेतला तेव्हा जादा कर २० टक्के चालूच होता. कंपनी वाचली ती ऐन वेळी हेलर फायनान्शियलने कर्ज दिलं म्हणून.

व्हीट्विन४५
डिझाइन कागदावर असून भागत नाही, साहेब. ते उत्पादनात आणायचा खर्च १९८३ मध्येच अंगावर होता, आणि तेव्हाच ४५ टक्के भर लागू होती. हेलरलाही १९८५ मध्ये कर्ज द्यावंसं वाटलं ते नव्या इंजिनाच्या गाड्या खपताना दिसल्या म्हणूनच ना?

बोअर_स्ट्रोक
हे पटतं. १९८७ च्या विनंतीचं कौतुक मात्र जरा आवरा. तेव्हा राहिली होती शेवटच्या वर्षाची १० टक्के भर. कर उठला ऑक्टोबर १९८७ मध्ये. एप्रिल १९८८ मध्ये तो आपोआपच संपणार होता.