ऑफिसचे मेल पोचत नाहीयेत – काय करू? नाशिकमध्ये बघून देणारं कोणी आहे का?

द्राक्षवाला
नमस्कार मंडळी. आडगाव नाक्याजवळ आमचं नऊ जणांचं ऑफिस, काम द्राक्ष निर्यातीचं. मी अकाउंट्सला, पण प्रिंटर अडला की हाक मलाच, त्यामुळे हेही माझ्याच गळ्यात पडलंय.

मेल आमच्याच डोमेनचे, वेबसाइटच्या होस्टिंगबरोबर मिळालेले. तीन आठवडे झाले, त्रास सुरू आहे. रॉटरडॅमच्या पार्टीला इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि फायटोची (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याच्या सरकारी दाखल्याची) स्कॅन कॉपी पाठवली. माझ्या 'सेंट'मध्ये दिसते, त्याला मिळालीच नाही. कंटेनर न्हावा शेवाहून निघालेला आणि मी व्हॉट्सअ‍ॅपवर कागदांचे फोटो पाठवतोय! निफाडच्या बागायतदारांना पेमेंटचे मेल जातात, बहुतेक जीमेलवर. काहींच्या स्पॅममध्ये सापडतात, काहींना पत्ताच नाही. आणि ऑफिसातल्या ऑफिसात मेल मात्र सुसाट. येणारे मेलही सगळे येतात.

होस्टिंगवाले म्हणतात, 'आमचा सर्व्हर ओके आहे, समोरच्याला विचारा.' वेबसाइट केलेला मुलगा पुण्याला गेला, फोन उचलत नाही. शेठ म्हणतात, सगळं बदलून टाक. बदलू का? काय घेऊ?

कॉलेजरोडकर
गूगल वर्कस्पेस नाहीतर झोहोची मेल सेवा घ्या आणि मोकळे व्हा. एवढा काथ्याकूट कशाला.

सातपूरचा लेथवाला
आम्हीही असेच 'मोकळे' झालो होतो. महिन्याला माणशी पैसे सुरू झाले आणि मेल तरी स्पॅममध्येच. डीएनएसमधल्या, म्हणजे डोमेनची मेल-वेबसाइट कुठे ते सांगणाऱ्या नोंदवहीतल्या, जुन्या नोंदींना कोणी हातच लावला नव्हता.

केबलकाका
द्राक्षवाले, खिशात हात नंतर घाला. आधी हे आणा.

बाउन्स होऊन आलेला एखादा मेल शोधा, 'मेलर डीमन'कडून आलेला. लोक तो कचरा समजून उडवतात, पण सगळं दुखणं त्यातच लिहिलेलं असतं. त्यात तीन आकडी कोड असतो. ४ ने सुरू झाला तर तात्पुरती अडचण, सर्व्हर आपला आपण पुन्हा प्रयत्न करत राहतो. ५ ने सुरू झाला तर समोरच्याने साफ नकार दिलाय, कितीही वेळा पाठवा.

मग ऑफिसच्या मेलवरून स्वतःच्या खासगी जीमेलला एक मेल टाका. तो कॉम्प्युटरवर उघडा, उजवीकडची तीन टिंबं, 'शो ओरिजिनल'. वर एसपीएफ, डीकिम, डीमार्क अशा ओळी दिसतील, मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय का ते बघणाऱ्या या तपासण्या. पुढे काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे द्या.

आणि आठवून सांगा, तीन आठवड्यांपूर्वी ऑफिसात नवीन काय आलं? मेल उगाच रुसत नाही.

घरातल्या घरात मेल पळतात त्यात नवल नाही, ते उंबरठा ओलांडतच नाहीत, तपासणार कोण? येणाऱ्या मेलचा रस्ता एमएक्स नोंदीवरून ठरतो, तो वेगळा.

द्राक्षवाला
काका, बाउन्स सापडला, ५५० ५.७.२६. 'शो ओरिजिनल'मध्ये एसपीएफपुढे पर्मएरर. डीकिम, डीमार्कची ओळच नाही.

नवीन म्हणाल तर ऑनलाइन बिलिंग सॉफ्टवेअर घेतलं. पेमेंटचे मेल आता तेच पाठवतं. त्यांच्या सपोर्टवाल्याने फोनवर एक ओळ सांगितली, ती डीएनएसमध्ये टाकायची होती. टाकली. मीच.

केबलकाका
सापडलं की! तुमच्या डोमेनला आता दोन एसपीएफ नोंदी आहेत. जुनी होस्टिंगची, नवी तुम्ही टाकलेली.

एसपीएफ म्हणजे 'आमच्या नावाने मेल पाठवायला हे हे सर्व्हर चालतील' अशी गेटवर लावलेली यादी. यादी एकच असावी असा नियम आहे. दोन दिसल्या की वॉचमन कुठलीच मानत नाही, त्यालाच पर्मएरर म्हणतात. म्हणजे बिलिंगवाल्यासाठी टाकलेल्या ओळीने तुमचे साधे मेलसुद्धा अडवले.

नव्या ओळीतला 'इन्क्लूड'चा तुकडा उचला, जुन्या ओळीत शेवटच्या 'ऑल'च्या आधी ठेवा, मग नवी ओळ पुसा. 'ऑल' एकदाच, शेवटी. आणि इन्क्लूडचा हार करू नका, सगळी यादी तपासायला दहापेक्षा जास्त डीएनएस चौकशा लागल्या की पुन्हा पर्मएरर.

मग होस्टिंगच्या पॅनेलमध्ये डीकिम सुरू करा. ही मेलवरची सही. बिलिंगवाल्यांची सही वेगळी असते, त्यांच्याकडून मागून घ्या. शेवटी डीमार्क, म्हणजे तपासणीत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद, 'पी'पुढे 'नन' (काही करू नका) लिहून. लगेच 'रिजेक्ट' लावलंत तर स्वतःचेच मेल अडवाल.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने हे कडक केलंय. जीमेलवर रोज ५००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात. तुम्ही त्यात बसत नाही, पण एसपीएफ किंवा डीकिम यातलं एक तरी पास प्रत्येकाला लागतंच. तुमचं एकही नव्हतं.

सीएचए ऑफिस
आम्ही सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणारे एजंट. काकांचं बरोबर, पण स्कॅनही बघा. आमच्याकडे येणारे फायटोचे स्कॅन लोक रंगीत, ६०० डीपीआयवर करतात. मेलच्या आकाराला मर्यादा असते, आणि जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. २० एमबीची फाइल २७ च्या आसपास जाते. २०० डीपीआय पुरतं, शिक्का वाचता येतो.

सातपूरचा लेथवाला
एक विचारू? डोमेन नक्की कोणाच्या नावावर आहे? आमचं निघालं वेबसाइटवाल्याच्या. रिन्यूअलची सूचना त्याच्या जुन्या मेलवर जायची. आयत्या वेळी धावपळ झाली.

द्राक्षवाला
अरे देवा. बघितलं. त्या पुण्याच्या मुलाच्याच मेलवर आहे, नशीब माझ्याकडे पासवर्ड होता. आज शेठच्या मेलवर करून घेतो.

केबलकाका
करा आजच. आणि माणूस बोलावलात तर तो पासवर्ड कायमचा देऊ नका, काम झालं की बदला. खरं तर यासाठी माणूस बोलवायची गरज नाही.

द्राक्षवाला
अपडेट देतो. एसपीएफ एकच केली, काकांनी सांगितलं तशी. परवा संध्याकाळी बदललं, काल दुपारी जीमेलवर पास आलं. डीकिमची चावी (सहीसाठी डीएनएसमध्ये टाकायचा लांबलचक मजकूर) चिकटवताना मधे एक स्पेस राहिली होती, तीत माझे दोन तास गेले. आता दोन्ही पास. रॉटरडॅमहून एका ओळीत उत्तर आलं, 'रिसीव्ड, थँक यू'. शेठनी ती ओळ दोनदा वाचली. वर्कस्पेसचा विषय बंद.

बागायतदारांनाही जातायत. एकच अजून परत येतो, ४५२, मेलबॉक्स भरलाय म्हणे. त्यांना फोन लावला तर म्हणाले, "मेल? तो नातवाने उघडून दिला होता हो, मला काय माहीत." त्यांचं व्हॉट्सअ‍ॅपवरच ठेवलंय.