'बी-वाय-एफ ४१' या खुणेबद्दल थोडी भर

एका वाचकाने विक्रीला आलेल्या कारबिनर ९८के या दुसऱ्या महायुद्धातील जर्मन लष्करी रायफलीबद्दल विचारताना, तिच्यावरील 'बी-वाय-एफ ४१' ही अक्षरे म्हणजे लष्करी तुकडीचे नाव असावे, असा तर्क केला आहे. प्रत्यक्षात तो जर्मनीतील ओबर्नडॉर्फ येथील माउझर या शस्त्र कारखान्याचा गुप्त संकेत असून ४१ हे १९४१ या वर्षाचे लघुरूप आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या शस्त्रनिर्मितीवर बंधने घातली होती, त्यामुळे पुनःशस्त्रीकरणाच्या सुरुवातीला याच कारखान्याने 'एस/४२' हा संकेत वापरला आणि वर्षाच्या जागी १९३४ साठी 'के', तर १९३५ साठी 'जी' हे अक्षर ठोकले. पहिल्या महायुद्धातील गेवेर ९८ या जर्मन रायफलीवर असा आडपडदा नव्हता. तिथे मुकुटाखाली श्पांडाउ, आम्बेर्ग, डान्झिग अशी शस्त्रागारांची नावे उघडपणे कोरलेली आढळतात.

रायफलीचा अनुक्रमांक वाचताना त्याखालचे छोटे अक्षर मात्र कधीही वगळू नये, कारण मोजणी ९९९९ नंतर नव्या अक्षरासह पुन्हा सुरू होत असे आणि तोच आकडा एकाच वर्षी अनेक रायफलींवर पडत असे.

बोल्टवरील (गोळी नळीत चढवणाऱ्या सरकत्या भागावरील) क्रमांक विजेच्या लेखणीने खरवडल्यासारखा दिसतो आणि दस्त्यावर लाखेची चकाकी आहे, हे त्या वाचकाने केलेले वर्णन सोव्हिएत सैन्याने हस्तगत करून दुरुस्त केलेल्या रायफलीशी जुळते. त्या दुरुस्तीत वेगवेगळ्या रायफलींचे सुटे भाग सरमिसळ होऊन नंतर त्यांवर जुळते क्रमांक घातले गेले. त्यामुळे तिला बनावट म्हणणे अन्यायाचे ठरेल, परंतु 'मूळ जुळणीची' (म्हणजे सर्व भाग कारखान्यातलेच असलेली) म्हणून विक्रेता जादा किंमत मागत असेल तर ती देऊ नये.