एका पोरानं स्कॉट्स विकिपीडिया बिघडवला, म्हणून बाकीच्यांनी लिहायचंच नाही?

ओलीचिंब

नारूकाकांच्या परवाच्या 'फुकटे ज्ञानकोशकार' या टिपणाखाली चार ओळी लिहायला बसले होते. ओळी थांबेनात, म्हणून वेगळा धागा. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी काकांचं म्हणणं थोडक्यात: एका अमेरिकन पोरानं स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेतल्या विकिपीडियाची वाट लावली, त्यावरून हौशागवशांच्या हाती ज्ञानकोश दिला की काय होतं ते कळलं, स्कॉटलंडबद्दल लिहायचं ते तिथल्या पगारी विद्वानांनी लिहावं, इतरांनी लुडबुड करू नये.

काका, ती लुडबुड मी करते. एडिंबरात आठ वर्षं झाली, महिन्यातल्या एक-दोन संध्याकाळी स्कॉटिश विषयांवरची पानं नीट करत बसते. बिनपगारी. त्यामुळे झोंबलं, हे आधीच कबूल.

आता त्या पोराचं. त्यानं सुरुवात केली तेव्हा तो बारा वर्षांचा होता. २०२० च्या ऑगस्टमध्ये रेडिटवर भांडं फुटलं तोवर त्याच्या नावावर वीस हजारांहून जास्त लेख जमा झाले होते, म्हणजे त्या विकिपीडियाचा सुमारे तिसरा हिस्सा. वर स्वारी तिथली प्रचालक, म्हणजे जादा अधिकार असलेली कारभारी! भाषा येतच नव्हती. इंग्रजी वाक्य घ्यायचं, ऑनलाइन शब्दकोशात दिसेल तो स्कॉट्स शब्द त्यात कोंबायचा, पुढचं पान. 'मी आहे जात टू बाजार' याला कुणी मराठी म्हणावं, तशातला प्रकार.

पण ही गंमत सात वर्षं चालली, काका. २०११ च्या जनगणनेत पंधरा लाख लोकांनी 'आम्हाला स्कॉट्स बोलता येते' असं लिहून दिलं होतं. त्यातल्या शंभर जणांनी आठवड्याला एकेक पान वाचलं असतं, तरी त्या मुलाची पहिल्याच वर्षी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, रवानगी झाली असती. कुणी वाचतच नव्हतं. हौशी माणसं जास्त झाली म्हणून हे घडलं नाही, पुरेशी नव्हती म्हणून घडलं.

आणि पगारी विद्वानांचं म्हणाल तर एडिंबरा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी स्कॉटलंडमध्ये चेटकाचा आरोप झालेल्यांची मोठी यादी २००३ मध्ये तयार केली. १५६३ ते १७३६, जोवर चेटकाविरुद्धचा कायदा होता तोवरची. उत्तम काम. पण सामान्य माणसाला ते दिसलं कधी? २०१९ मध्ये तिथल्या एका विद्यार्थिनीनं ती माहिती विकिडेटात, म्हणजे विकिपीडियाच्या खुल्या माहितीसाठ्यात, घालून ३,१४१ जणांची गावं नकाशावर आणली तेव्हा. मी माझ्या पोस्टकोडच्या आसपास बघितलं आणि त्या रात्री जेवण गेलं नाही.

नारूकाका

ताई, राग येणं साहजिक आहे, पण विद्यापीठातली विद्यार्थिनी हौशी कशी? उदाहरण माझ्या बाजूचं झालं. धन्यवाद.

आणि ज्ञानकोशाच्या गोष्टी एडिंबरावाल्यांनी आम्हाला सांगाव्यात हे थोर आहे, कारण ब्रिटानिका तुमच्याच गावात जन्मली. १७६८ पासून शंभर साप्ताहिक भागांत निघाली, १७७१ मध्ये तीन खंड पुरे झाले. संपादक विल्यम स्मेली, अठ्ठावीस वर्षांचा, मोबदला दोनशे पौंड. पैसे मोजले, माणूस जबाबदार धरला, काम झालं. मी छापखान्यात तीस वर्षं मुद्रितशोधन केलं आहे. एक वेलांटी चुकली तर रात्री झोप लागायची नाही. तुमच्याकडे वीस हजार लेख चुकले आणि जबाबदार कोण? कुणीच नाही.

ओलीचिंब

त्याच पगारी ब्रिटानिकाच्या पहिल्या आवृत्तीत 'वूमन' या शब्दाखाली काय छापलंय, माहीत आहे ना? 'पुरुषाची मादी. होमो पहा.' (होमो म्हणजे मनुष्य.) संपलं! दोनशे पौंडांत एवढंच बसलं बहुतेक.

म्हणूनच इथल्या आमच्या बऱ्याच एडिटेथॉन, म्हणजे एकत्र बसून पानं लिहायच्या बैठका, बायकांवर असतात. इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रांत बायका अजून साधारण वीस टक्के आहेत. सोफिया जेक्स-ब्लेक आणि तिच्यासोबतच्या सहा जणींनी १८६९ मध्ये एडिंबरा विद्यापीठात वैद्यकीला नाव घातलं. पुढच्या वर्षी परीक्षेच्या दिवशी सर्जन्स हॉलच्या दारात जमावानं त्यांच्यावर चिखल फेकला, आत मेंढी सोडली. पदवी दिलीच नाही. ती मिळाली २०१९ मध्ये, मरणोत्तर. पगारी लोकांना दीडशे वर्षं लागली हो काका.

तिरकस

मला मूळ प्रश्नच कळत नाही. स्कॉट्स म्हणजे सर्दी झालेली इंग्रजी. त्या पोरानं सर्दी न होता लिहिली एवढंच. भाषा नाहीच तर बिघडली काय? मी ग्लासगोत तीन वर्षं काढलीत, सगळे इंग्रजीच बोलतात. जरा जोरात.

बंड्या_अबर्डीन

ग्लासगोत तीन वर्षं काढून हे? इकडे ये एकदा उत्तरेला.

मी तेलाच्या नोकरीसाठी अबर्डीनला आलो. पहिल्या दिवशी फोरमन म्हणाला, "फिट लाइक?" मी छाती काढून म्हटलं, "येस सर, फिट!" अख्खी पाळी महिनाभर हसत होती. तो नुसतं 'कसा आहेस' विचारत होता. डोरिक म्हणतात तिला, स्कॉट्सचीच ईशान्येकडची बोली. 'व्ह'चा 'फ' होतो. काय म्हणजे 'फिट', कधी म्हणजे 'फॅन', कुठे म्हणजे 'फार'. 'कुठे चाललास' असं विचारलं की मला ऐकू यायचं 'फार', आणि मनात म्हणायचो, फार नाही रे बाबा, कोपऱ्यापर्यंतच. मुलगा म्हणजे 'लून', मुलगी म्हणजे 'क्वाइन'. मला कुणी लून म्हटलं तेव्हा मी भांडायला उठलो होतो.

आणि हे काल-परवाचं नाही. याच अबर्डीनच्या चर्चमधल्या जॉन बार्बरनं स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस याच्यावरचं महाकाव्य १३७५ च्या सुमारास रचलं, ते याच भाषेत. स्कॉटलंडचे राजे असताना संसदेचे कायदे हिच्यात लिहिले जायचे. शब्दकोश दोन आहेत, एक दहा खंडांचा, एक बारा खंडांचा. सर्दीचे बावीस खंड निघत नाहीत.

तिरकस

बावीस खंड शिव्यांचेही निघतील. भाषा ती जिला सरकार मानतं.

सातेरी

आलं का हे वाक्य? मी वाटच बघत होते.

सावंतवाडीहून मुंबईला आले तेव्हा पाचवीत होते. वर्गात 'माका नको' म्हटलं की बाई सगळ्यांसमोर माझी नक्कल करायच्या. "शुद्ध बोल." दोन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. घरी आजीशीसुद्धा प्रमाण मराठीत बोलायला लागले, ती बिचारी बघतच राहायची. कोकणीला साहित्य अकादमीनं १९७५ मध्ये मानलं, गोव्यानं १९८७ मध्ये, घटनेत आली १९९२ मध्ये. म्हणजे त्याआधी आजी जे बोलत होती ती सर्दी होती का?

तिरकस

झालं, कोकणी आणलीच. सातेरीताई, मालवणी ही मराठीची बोली की कोकणीची, ते आधी ठरवा, मग स्कॉटलंडला पोचू.

सातेरी

ते तू कोण ठरवणार रे? बोलते मी, ठरवतोस तू. हीच तर खोड आहे तुम्हा लोकांची. 'बोली' म्हणायचं म्हणजे कौतुक केल्यासारखंही होतं आणि शाळेबाहेर ठेवताही येतं.

पडीक_संपादक

मंडळी, मालवणीचा धागा दरवर्षी शिमग्याला निघतो, यंदा लवकर आला. विषय स्कॉटलंडचा आहे.

सातेरी

विषय हाच आहे. तुम्हाला तो दिसत नाही, एवढंच.

ओलीचिंब

सातेरीचं बरोबर आहे. मी मघाशी पंधरा लाखांवर चिडले होते, त्यातलं थोडं मागे घेते.

आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. त्यांना मी विचारलं, तुम्ही का नाही लिहीत स्कॉट्समध्ये? म्हणाल्या, मला कुठे येते, मी तर नुसती गावंढळ इंग्रजी बोलते. आणि हे सगळं अस्सल स्कॉट्समध्ये! लहानपणी शाळेत 'आय' म्हटलं, 'येस' नाही, म्हणून तळहातावर चामडी पट्टा बसायचा. तो पट्टा इथल्या सरकारी शाळांतून १९८७ मध्ये गेला. आजींच्या डोक्यातून अजून गेलेला नाही. २०११ च्या जनगणनेआधी तर खास संकेतस्थळ काढावं लागलं होतं, 'आय कॅन' नावाचं: नमुने ऐका, वाचा आणि मग ठरवा की तुम्हाला स्कॉट्स येते का. स्वतःची भाषा येते की नाही हे ज्यांना ऐकून ठरवावं लागतं, ते ज्ञानकोशातली चूक काढायला कसे धजावणार? कुणी परका आत्मविश्वासानं काहीबाही लिहीत असेल तर यांना वाटणार, असेल बाबा, त्याला जास्त कळत असेल.

तिरकस, तुझ्या सरकारी शिक्क्याचं: स्कॉटिश संसदेनं २०२५ मध्ये कायदा केला, गेलिक (इथली दुसरी जुनी भाषा) आणि स्कॉट्स दोन्हींना अधिकृत दर्जा मिळाला. आता कुठला शिक्का हवा?

तिरकस

बरं. सर्दीला सरकारमान्यता मिळाली, अभिनंदन. पण मग माझा प्रश्न उलटा आहे. भाषा एवढी खरी आहे तर परक्यानं हातच का लावावा?

पडीक_संपादक

परक्यानं हात लावला म्हणून आपल्याकडे मोल्सवर्थचा कोश आहे, १८३१ चा. गोऱ्या फौजेतला माणूस. इंग्लंडचा फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि त्यानं मराठीत पुराण रचलं, १६१६ मध्ये छापलं. परका असणं हा गुन्हा असेल तर अर्धं कपाट रिकामं करावं लागेल.

फरक एवढाच की मोल्सवर्थच्या शेजारी शास्त्रीमंडळी बसलेली असत आणि स्टीफन्स माणसांत राहिला. त्या पोराच्या शेजारी कुणीच नव्हतं. मी मराठी विकिपीडियावर पंधरा वर्षं पडीक आहे, म्हणून सांगतो: लहान विकिपीडियावर एकटं असणं फार वाईट. सांगकाम्यांनी, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमांनी, पाडलेली दोन ओळींची पानं साफ करता करता माणूस म्हातारा होतो आणि चावडीवर, म्हणजे चर्चेच्या पानावर, विचारलेल्या प्रश्नाला तीन महिन्यांनी स्वतःच उत्तर देतो. एखादा उत्साही पोरगा रोज चाळीस पानं करायला लागला की आपण त्याला थांबवत नाही, प्रचालक करतो. मीही केलं असतं. खरं सांगतो, केलं असतं.

बंड्या_अबर्डीन

आणि त्या पोराला नंतर लोकांनी जे छळलं ते कुणी बोलत नाही. एकोणीस वर्षांचा झाला होता तेव्हा. त्यानं माफी मागितली, चांगल्या हेतूनं करत होतो म्हणाला. आमच्या पबात लोक म्हणत होते, इंग्रजांनी तीनशे वर्षांत केलं नाही ते यानं केलं. अरे, तुम्ही कुठे होतात?

ओलीचिंब

काही जण नंतर आले हेही सांगू दे. स्कॉट्स लँग्वेज सेंटरच्या संचालकांनी पुढाकार घेतला, ऑनलाइन एडिटेथॉन भरवली. भाषा येणाऱ्यांनी पानं वाचायला घेतली, सुधारता येतील ती सुधारली, बाकीची उडवली. मी भाषेला हात लावला नाही, मला येत नाही. मी फक्त तारखा आणि संदर्भ तपासले.

आणि त्याच वर्षी, टाळेबंदीत, नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडचे कर्मचारी घरी बसून जुन्या चोपड्या विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या जुन्या पुस्तकांच्या भावंडावर, तपासत होते. रस्त्यावर एक-दोन पेनींना विकल्या जाणाऱ्या, गाणी नि गोष्टींच्या, सुमारे तीन हजार. शब्द न् शब्द मुद्रितशोधन! काका, ते पगारीच होते, हा घ्या तुमचा एक गुण. पण काम हौशांच्या जागेवर येऊन, हौशांच्या नियमांनी केलं.

नारूकाका

तीन हजार चोपड्यांचं मुद्रितशोधन घरबसल्या? हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ठीक आहे, सांगून टाकतो मी एवढा का भडकलो होतो ते. मी विल्सन कॉलेजचा विद्यार्थी. जॉन विल्सन हा स्कॉटिश, लॉडर गावचा, १८२९ मध्ये मुंबईत आला. एका ऑनलाइन ज्ञानकोशात कुणीतरी त्याला 'इंग्रज' लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे सगळेच गोरे इंग्रज. एल्फिन्स्टनही डंबार्टनचा, तोही इंग्रज! मी बदल केला, आयुष्यात पहिल्यांदा. दहा मिनिटांत कुणीतरी उडवला. शेरा: 'संदर्भ हवा'. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि मला संदर्भ मागतात.

ओलीचिंब

काका, संदर्भ काय दिला होतात?

नारूकाका

मला माहीत आहे, हा.

पडीक_संपादक

उडवणारा मीच नव्हतो ना, असं वाटायला लागलंय. विल्सनचं चरित्र १८७८ मध्ये छापलेलं आहे, जॉर्ज स्मिथनं लिहिलेलं. ऑनलाइन संग्रहात स्कॅन मिळेल. पान क्रमांक टाका आणि पुन्हा करा.

नारूकाका

उपदेशाबद्दल आभारी आहे. विनामोबदला आहे म्हणून घेतो.

सातेरी

काका, केलंत की कळवा. आणि तिरकस, 'माका नको' यात कुठला शब्द अशुद्ध आहे ते अजून सांगितलं नाहीस.

तिरकस

ताई, माका कळाक नाय. झालं समाधान?

सातेरी

उच्चार चुकलो.

नारूकाका

केलं. पृष्ठासकट. चाळीस मिनिटं झाली, अजून आहे. मात्र त्याच पानावर 'मिशनरी' शब्दात वेलांटी चुकलेली दिसली, तीही काढली. खाली आणखी अकरा चुका आहेत. उद्या बघतो.